अंतराची कसोटी : हाताने भरलेले काडतूस किती दुरून पारखावे?

इ. स. १७४०च्या दशकात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने एक साधा प्रयोग केला. पाऊण इंच व्यासाची गोळी जाईल अशी एक गुळगुळीत नळी त्याने जड बैठकीवर पक्की बसवली, आणि १८० फुटांवर, म्हणजे साठ यार्डांवर, एक फूट लांब व एक फूट रुंद निशाण ठेवून त्यावर गोळ्या झाडल्या. लागोपाठ सोळा बारांत एखादाच चुकला. मग त्याने त्याच नळीने ७६० यार्डांवर नेम धरला. तेथे गोळी कधी रेषेच्या शंभर यार्ड उजवीकडे पडली, तर कधी तितकीच डावीकडे.

या दोन आकड्यांमधला विरोध नीट पाहण्यासारखा आहे. साठ यार्डांवर गोळी मध्यापासून फार तर अर्धा फूट इकडेतिकडे होत असेल, तर ७६० यार्डांवर, म्हणजे साधारण पावणेतेरापट अंतरावर, ती सहा-साडेसहा फूट चुकावी. त्रैराशिक तेवढेच सांगते. प्रत्यक्षात ती तीनशे फूट चुकत होती. त्रैराशिकाच्या अंदाजाच्या जवळजवळ पन्नासपट! याचा अर्थ असा की, साठ यार्डांवरची परीक्षा खोटी नव्हती, पण तिला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. गोळीचा जो दोष रॉबिन्सला शोधायचा होता, तो साठ यार्डांत अजून प्रकटच झालेला नव्हता.

रॉबिन्सने त्या दोषाचे कारणही ओळखले. गोल गोळी नळीच्या भिंतीला घासत बाहेर पडते, त्या घासण्याने तिला कोणत्या तरी अक्षाभोवती गिरकी मिळते, आणि त्या गिरकीमुळे हवा तिला एका बाजूला ढकलत नेते. हे दाखवण्यासाठी त्याने एका नळीचे तोंड मुद्दाम डावीकडे वाकवले आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे टांगले. जवळच्या पडद्यांवर गोळीची भोके अपेक्षेप्रमाणे डावीकडे सरकलेली दिसली. मात्र पुढे जाता जाता गोळीने रेषा ओलांडली आणि शेवटी ती उजवीकडे जाऊन आदळली. एकाच गोळीच्या एकाच प्रवासाविषयी जवळचा कागद ‘डावीकडे’ म्हणत होता आणि दूरची भिंत ‘उजवीकडे’ म्हणत होती. साक्षीदार दोघेही खरे होते. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून रॉबिन्स हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. त्याच्या कागदाच्या पडद्यांचा वारसा मात्र टिकला, आणि प्रस्तुत लेखाचे सूत्र तेच आहे.

आमचा विषय तसा लहान आहे. रायफलीसाठी स्वतः काडतुसे भरणारा माणूस आपल्या काडतुसांची परीक्षा किती अंतरावर घेतो, आणि ते अंतर त्याने का निवडलेले असते? साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परका वाटण्याचा संभव आहे. परंतु परीक्षेचे अंतर ठरवताना परीक्षक नकळत काय काय ठरवून टाकतो, हे इतक्या मोजक्या, उघड्या आणि तपासता येण्याजोग्या रूपात अन्यत्र क्वचितच पाहायला मिळते.

प्रथम हा व्यवसाय म्हणजे काय ते सांगायला हवे. रायफलीच्या काडतुसाची चार अंगे असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारे प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार झाला की पुंगळी उरते. ती पुन्हा मापात आणून, नवे प्रायमर बसवून, दारू तोलून, वर नवी गोळी दाबली की काडतूस पुन्हा तयार होते. ही दारू ‘ग्रेन’ या मापात तोलतात. आपल्या सोनाराची गुंज ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तिचे साधारण निम्मे वजन कल्पावे. ग्रेन म्हणजे तेवढे. हौशी माणूस त्याही दहाव्या भागापर्यंत तोलत बसतो. कारखान्यातले काडतूस हजारो रायफलींना चालावे लागते, म्हणून ते सर्वांना बऱ्यापैकी मानवेल असे असते. हाताने भरलेले काडतूस एकाच रायफलीसाठी, तिच्याच नळीच्या लहरी सांभाळून केलेले असते. म्हणजे कारागीर, परीक्षक आणि उपभोक्ता ही तिन्ही नाती येथे एकाच माणसात एकवटतात. अशा ठिकाणी आत्मवंचनेला वाव किती असणार, हे निराळे सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रश्नाला एका मोठ्या यंत्रकाराने हात घातला. जोसेफ व्हिटवर्थ हा मँचेस्टरचा कारखानदार. यंत्रांच्या स्क्रूच्या आट्यांना १८४१ साली त्याने प्रमाण माप सुचवले होते, आणि इंचाच्या दहालक्षांश भागाचा फरक दाखवणारे मापनयंत्र बनवणारा म्हणून त्याची ख्याती होती. लष्कराच्या एन्फील्ड रायफलीत सुधारणा सुचवण्याचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा त्याने आधी बंदुकीला हात न लावता परीक्षेची जागा बांधून घेतली. आपल्या घराच्या आवारात त्याने पाचशे यार्ड लांबीची एक छप्पर घातलेली बंदिस्त वीथी उभारली. आत वारा नाही, पाऊस नाही. आणि वाटेत ठिकठिकाणी टांगलेले पातळ कागद. रॉबिन्सचीच युक्ती, पण आता यंत्रकाराच्या शिस्तीने राबवलेली. गोळी कागद फाडत जाई आणि भोकांच्या आकारावरून ती सरळ जाते आहे की डुलते आहे, हे टप्प्याटप्प्याने वाचता येई.

या अभ्यासातून षट्कोनी पोकळीची, .४५१ इंच व्यासाची आणि दर वीस इंचांत एक पूर्ण पीळ देणारी व्हिटवर्थ रायफल निघाली. एन्फील्डचा पीळ ७८ इंचांत एक इतका सैल होता. १८५७ साली केंट परगण्यातील हाइथ येथील लष्करी शाळेत दोघींची तुलना झाली. पाचशे यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्यांचे मध्यापासूनचे सरासरी विचलन २.२४ फूट, तर व्हिटवर्थचे ०.३७ फूट भरले. आठशे यार्डांवर हेच आकडे ४.२० आणि १.०० झाले. चौदाशे यार्डांवर एन्फील्ड निशाणाला लागेनाच. व्हिटवर्थ अजून लागत होती.

वृत्तपत्रांनी यातली स्पर्धा पाहिली. आम्हांला यातले दुसरेच एक गणित महत्त्वाचे वाटते. पाचशेवरून आठशे यार्ड म्हणजे अंतर १.६ पट झाले. चूक अंतराच्या प्रमाणातच वाढत असती, तर व्हिटवर्थचे ०.३७ हे ०.५९ झाले असते, झाले १.००. एन्फील्डचे २.२४ हे ३.५८ झाले असते, झाले ४.२०. म्हणजे दोन्ही रायफलींची चूक अंतरापेक्षा वेगाने वाढली, आणि जी रायफल अधिक अचूक होती तिच्या बाबतीत ही वाढ प्रमाणाने अधिक होती. याचे कारण उघड आहे. दूर जाताना गोळीच्या मूळ दोषात नव्या दोषांची भर पडते : वाऱ्याची, आणि एका बाराहून दुसऱ्या बारात होणाऱ्या वेगातील फरकाची. निकृष्ट रायफलीत ही भर मूळ दोषाच्या ढिगाऱ्यात लपून जाते, चांगल्या रायफलीत ती वर येते. तेव्हा अंतराला केवळ भिंग मानणे चूक आहे. भिंग जे आहे तेच मोठे करून दाखवते. अंतर नवे काही घडवून आणते.

१८६० साली लंडनजवळ विंबल्डन येथे ब्रिटिश राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली सभा भरली, तेव्हा पहिला बार राणी व्हिक्टोरियाच्या हातून झाला. यंत्रावर घट्ट बसवलेली व्हिटवर्थ रायफल, चारशे यार्डांवरचे निशाण, आणि राणीने फक्त रेशमी दोरी ओढायची. गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली. समारंभ साजरा झाला. पण ती परीक्षा नव्हती, प्रदर्शन होते. एका बाराने काहीच सिद्ध होत नाही, आणि अंतर असे निवडलेले होते की अपयश येऊ नये. परीक्षा आणि प्रदर्शन यांत बाहेरून फार थोडा फरक दिसतो, ही गोष्ट ग्रंथसंग्रहालयांच्या व्यासपीठांवर बसणाऱ्यांनाही अपरिचित नसावी.

यानंतरच्या काळात अंतरे ठरत गेली ती शास्त्राने नव्हे, रिवाजाने. न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर २६ सप्टेंबर १८७४ रोजी आयरिश आणि अमेरिकन संघांचा प्रसिद्ध सामना झाला. अंतरे होती आठशे, नऊशे आणि हजार यार्ड, आणि अमेरिकनांनी तो ९३४ विरुद्ध ९३१ अशा गुणांनी जिंकला. ‘लांब पल्ला’ म्हणजे हजार यार्ड, ही कल्पना अशा सामन्यांनी रूढ केली. त्याच अमेरिकेत जर्मन स्थलांतरितांनी आपल्या गावांतली ‘श्युत्झेन’ मंडळांची परंपरा आणली होती. तेथे उभे राहून दोनशे यार्डांवर नेम धरीत. त्या परंपरेतला हॅरी पोप हा नळ्या घडवणारा कारागीर गोळी नळीच्या तोंडातून आत सारी आणि दारू मागून पुंगळीत भरून देई. एकच पुंगळी पुन्हा पुन्हा भरून दिवसभर वापरायची ही रीत होती. आजच्या हातभरणीचे हे जवळचे पूर्वज म्हणता येतील. त्यांची सारी पारख दोनशे यार्डांवर होई, कारण सामना दोनशे यार्डांवर होई.

मग शंभर यार्ड कोठून आले? आज जगभरचा हौशी नेमबाज बहुधा शंभरावरच पहिली परीक्षा घेतो. याची कारणे अगदी घरगुती आहेत. पहिले म्हणजे, एवढी मोकळी जागा बहुतेकांना मिळते. दुसरे, निशाणावरची भोके दुर्बिणीतून दिसतात आणि पाहायला चालत जायलाही फार वेळ लागत नाही. तिसरे कारण अंकगणिताचे. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट कोन. शंभर यार्डांवर तो १.०४७ इंच भरतो. म्हणजे जवळजवळ एक इंच. कोन आणि इंच यांची ही सोयीस्कर मैत्री शंभरावर जुळते, आणि पुढचा सारा हिशेब तोंडी करता येतो. ‘माझी रायफल एक इंचाची आहे’ असे म्हणणारा माणूस अंतर सांगत नाही; ते शंभर यार्ड आहे असे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. ज्या मापाचे अंतर उच्चारावेच लागत नाही, ते माप मानदंड होऊन बसले असे समजावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या रिवाजाला एका डॉक्टरने प्रश्न विचारला. फ्रँकलिन मॅन हा मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्डचा रहिवासी. वैद्यकाची पदवी असली तरी त्याने आयुष्याचा मोठा भाग एकाच कोड्यात घालवला : नेम तोच, रायफल तीच, काडतूस तसेच, तरी दोन गोळ्या एका भोकात का जात नाहीत? १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टु टार्गेट’ या ग्रंथात त्याने दशकानुदशके केलेले प्रयोग मांडले. माणसाच्या हाताचा आणि डोळ्याचा वाटा परीक्षेतून पूर्णपणे वगळायचा, ही त्याची प्रतिज्ञा होती. त्यासाठी त्याने काँक्रीटचा भक्कम ओटा उभारला, त्याला विनोदाने ‘जिब्राल्टर’ म्हटले, आणि जाड नळ्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या खाचेत ठेवून बार काढले.

आणि पुन्हा कागदाचे पडदे! मॅनने ते एकामागून एक जवळजवळ टांगले. भोके जुळवत गेल्यावर त्याला दिसले की गोळी सरळ रेषेत जात नाही. ती एका मध्यरेषेभोवती बारीक मळसूत्री वाट काढीत जाते. म्हणजे कोणत्याही एकाच अंतरावरचे भोक त्या मळसूत्राचा एक योगायोगाने पकडलेला बिंदू आहे. शिवाय त्याने मुद्दाम गोळ्या बिघडवून पाहिल्या. टोक बिघडवले तरी गोळी आश्चर्य वाटावे इतकी नीट गेली. बूड किंचित बिघडवले की भरकटली. डोळ्याला सुंदर दिसणारे टोक फारसे महत्त्वाचे नव्हते, नळीतून शेवटी सुटणारे आणि कोणी न पाहिलेले बूड महत्त्वाचे होते. मॅनची बरीच परीक्षा शंभर यार्डांवर झाली, पण त्याने शंभर हा आकडा अंतिम न मानता त्या शंभराच्या आतली वाट वाचली, हे त्याचे मोठेपण.

आतापर्यंतच्या कथेवरून कोणी म्हणेल की जवळची परीक्षा कच्ची आणि दूरची पक्की, इतकाच याचा निष्कर्ष. ली-एन्फील्ड रायफलीचा इतिहास या सोप्या निष्कर्षाला आडवा येतो. बार होताच रायफलीची नळी छेडलेल्या तारेसारखी कंप पावते, आणि गोळी बाहेर पडते त्या क्षणी तोंड वर जात असेल किंवा खाली. ए. मॅलॉक यांनी १९०१ साली रॉयल सोसायटीपुढे या कंपनांचा अभ्यास मांडला. समजा, नळीचे तोंड वर जात असताना गोळ्या सुटत आहेत. वेगवान गोळी जरा लवकर सुटेल, म्हणून जरा खालच्या कोनात. मंद गोळी उशिरा सुटेल, म्हणून जरा वरच्या कोनात. मंद गोळी वाटेत अधिक खाली येते, पण ती निघालीच आहे वरून. तेव्हा एका ठराविक अंतरावर दोघींच्या वाटा एकमेकींना छेदतात आणि वेगातला फरक आपोआप भरून निघतो. ली-एन्फील्डच्या बाबतीत हे अंतर हजार यार्डांच्या आसपास पडे. त्यामुळे जवळच्या पल्ल्यावर इतर रायफलींपुढे सामान्य वाटणारी ही रायफल लांब पल्ल्यावर त्यांच्या बरोबरीने, कधी सरस चाले. ब्रिटिश नेमबाजांनी याला ‘भरपाई’ अशा अर्थाचे नाव दिले.

या रायफलीचे .३०३ काडतूस आपल्या पुण्याजवळच्या, १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या कारखान्यातही तयार होई. कारखान्याच्या काडतुसांत वेगाचा थोडाबहुत फरक राहणारच. त्यावरचा उतारा काडतुसात नसून नळीच्या थरथरण्यात होता. शंभर यार्डांवर या जोडीची पारख करणाऱ्याला हे कधीच कळले नसते. त्याने वेगातला फरक हा दोष आणि थरथर हा दुसरा दोष म्हणून नोंदवला असता. दोन दोष मिळून एका अंतरावर गुण होतो, हे पाहायला त्या अंतरावरच जावे लागते. परंतु याची दुसरी बाजूही आहे. हजार यार्डांवर जुळलेली ही भरपाई सहाशेवर पुरती जुळत नाही आणि बाराशेवर मोडते. केवळ हजारावर परीक्षा घेणारा माणूस रायफल उत्तम आहे असे म्हणेल, आणि तेही अर्धेच खरे असेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘बेंचरेस्ट’ हा खेळ वाढला. मेजावर रायफल टेकवून, गुण मोजण्याऐवजी भोकांचा पुंजका किती लहान, एवढेच मोजायचे. १९५१ साली त्याची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि शंभर व दोनशे यार्ड ही त्याची मुख्य अंतरे ठरली. १९६७ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्टजवळ हजार यार्डांवर हाच खेळ खेळणारे मंडळ निघाले. या दोन गटांची काडतुसे वेगळी, गोळ्या वेगळ्या, आणि चांगल्या काडतुसाची व्याख्याही वेगळी झाली. त्यामागचे कारण थोड्या आकड्यांनी स्पष्ट होईल.

.३०८ सारख्या नेहमीच्या काडतुसाच्या गोळीचा वेग एका बारात दुसऱ्यापेक्षा एक टक्का कमी भरला, तर शंभर यार्डांवर ती जेमतेम इंचाच्या विसाव्या भागाइतकी खाली लागते. भोकाच्या कडेच्या जाडीत हा फरक हरवून जातो. हजार यार्डांवर तोच फरक आठ ते दहा इंचांचा होतो. म्हणून क्रेटन ऑडेट या अमेरिकन नेमबाजाच्या नावाने प्रसिद्ध असलेली ‘शिडी’ची पद्धत निघाली. दारूचे वजन थोडे थोडे वाढवीत एकेक बार काढायचा आणि भोके शिडीच्या पायऱ्यांसारखी वर कशी चढतात ते पाहायचे. जेथे दोन-चार भोके एकाच उंचीवर रेंगाळतात, तेथे नळीचे कंपन आणि गोळीचा वेग यांचा मेळ बसला असे समजायचे. शंभर यार्डांवर पायऱ्या इतक्या जवळ येतात की शिडी वाचताच येत नाही, म्हणून ही परीक्षा दोनशे-तीनशे यार्डांवर किंवा त्याहून दूर घेतात.

मग सरळ हजारावर का जाऊ नये? कारण वारा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा याच गोळीला शंभर यार्डांवर इंचभरसुद्धा हलवत नाही. तीनशेवर सहा-सात इंच, आणि हजारावर सात ते आठ फूट. हजार यार्डांवर आपण काडतुसाची परीक्षा घेतो आहोत की वारा ओळखण्याच्या स्वतःच्या कौशल्याची, हे सांगणे कठीण होते. ‘ऑप्टिमल चार्ज वेट’ नावाच्या दुसऱ्या एका पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणूनच शंभर यार्डांवर ठाम राहतात. या वादात दोन्ही पक्ष तर्कशुद्ध आहेत. जवळची परीक्षा वाऱ्याला वगळते आणि त्याबरोबर वेगालाही वगळते. दूरची परीक्षा वेगाला आत घेते आणि त्याबरोबर वाऱ्यालाही आत घेते. हवे तेवढेच दाखवणारे अंतर अस्तित्वात नाही. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात ह्यूस्टनमधील एका मोठ्या गोदामात काही नेमबाजांनी बंद दाराआड शंभर यार्डांवर प्रयोग केले, तेव्हा वारा गेला, पण अंतर भिंतींनी ठरवले. व्हिटवर्थच्या वीथीची मर्यादा सव्वाशे वर्षांनीही तीच राहिली.

या साऱ्या अडचणीतून नेमबाजांच्या मंडळींत एक समजूत रुजली. गोळी सुरुवातीला भोवऱ्यासारखी डुलते आणि पुढे स्थिर होते, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘झोपी जाते’. म्हणून काही रायफलींचा पुंजका शंभर यार्डांवर कोनाच्या हिशेबाने मोठा आणि तीनशेवर लहान असतो, असे पुष्कळांनी छातीठोकपणे सांगितले आहे. गोळीचे डुलणे शमते हे खरेच आहे. पण डुलणे शमले म्हणून एकमेकींपासून दूर निघालेल्या गोळ्या पुन्हा जवळ येतील, हे त्यातून सिद्ध होत नाही. भरपाईची गोष्ट निराळी. ती फक्त उंचीतला आणि वेगातून आलेला फरक मिटवते. ब्रायन लिट्झ या अमेरिकन प्रक्षेपशास्त्रज्ञाने या दाव्याची तपासणी करण्यासाठी जाहीर आव्हान दिले. शंभर यार्डांवर एक कागद आणि त्याच्या मागे दूरवर दुसरे निशाण. तीच गोळी दोन्ही ठिकाणी भोक पाडणार. म्हणजे ‘आज शंभरावर एक पुंजका, उद्या तीनशेवर दुसरा’ अशी तुलना नाही. एकाच गोळीची दोन ठिकाणची साक्ष. अशी साक्ष घेतल्यावर तो चमत्कार काही हाती लागला नाही.

मग इतक्या अनुभवी माणसांनी तो पाहिला कसा? उत्तर संख्येत आहे. तीन गोळ्यांचा पुंजका लहान येणे हा पुष्कळदा योगायोग असतो. त्याच रायफलीने, त्याच काडतुसांनी दहा गोळ्यांचा पुंजका घेतला, तर सरासरीने तो तीनच्या पुंजक्याच्या सुमारे दीडपट भरतो. काहीही बिघडलेले नसताना. जो माणूस शंभरावर तीन आणि तीनशेवर तीन बार काढून निष्कर्ष काढतो, तो दोन योगायोगांची तुलना करत असतो. आणि मनाला आवडलेला पुंजका खिशात जपून ठेवायचा, न आवडलेला ‘हात हलला’ म्हणून टाकून द्यायचा, हा मनुष्यस्वभाव तर आहेच. येथे अंतराची निवड ही केवळ तांत्रिक बाब उरत नाही. स्वतःच्या कामाची परीक्षा स्वतः घेणारा माणूस बहुधा असेच अंतर निवडतो, जेथे आपले काम चांगले दिसते.

याची किंमत कोणी तरी मोजतोच. सामन्यातला नेमबाज काही गुण गमावेल. पण शंभर यार्डांवरच्या इंचभर पुंजक्याच्या भरवशावर चारशे यार्डांवरच्या हरणावर बार टाकणारा युरोप-अमेरिकेतला शिकारी चुकला, तर त्याच्या त्रैराशिकाचा हिशेब पोट फुटून रानात पळणारे जनावर चुकते करते. तेथल्या जबाबदार शिकाऱ्यांमध्ये जेवढ्या अंतरावर परीक्षा घेतली तेवढ्याच अंतरावर बार टाकावा, असा दंडक पाळणारे आहेत. आम्हांला त्यात शास्त्राइतकीच नीतीही दिसते. न तपासलेल्या अंतराविषयी मौन पाळायचे, असा तो दंडक आहे.

आता ज्या वाचकांसाठी हे लिहिले, त्यांच्याकडे वळतो. समीक्षेत ‘अंतर’ हा शब्द आपण १९१२ सालच्या एडवर्ड बुलोच्या निबंधापासून वापरत आलो आहोत. कलाकृतीपासून मनाने किती दूर उभे राहावे, हा त्याचा प्रश्न होता. पुढे शब्दाशब्दाशी झटणारे निकटवाचन आले, आणि २००० साली फ्रांको मोरेत्तीने हजारो पुस्तके एकत्र घेऊन दुरून वाचण्याची कल्पना मांडली. या दोहोंचे पुरस्कर्ते शंभर आणि हजार यार्डवाल्यांसारखेच परस्परांना आंधळे म्हणतात. निकटवाचनात कारागिरीचा प्रत्येक सांधा दिसतो, पण काळाचा वारा लागतच नाही. दूरवाचनात वारा भरपूर, पण एका कवितेचे बूड नीट घडले आहे की नाही, हे दिसेनासे होते. समकालीन समीक्षक साठ यार्डांवर उभा असतो. सोळांपैकी पंधरा बार बरोबर लागताना पाहून तो ग्वाही देतो, आणि दोन पिढ्यांनंतर तेच पुस्तक शंभर यार्ड बाजूला पडलेले सापडते. उलट जवळून ओबडधोबड वाटलेली एखादी कृती, तिच्यातल्या दोषांचीच एकमेकांशी भरपाई होऊन, फार दूरवर नेमकी जाऊन लागते. ही उपमा आम्ही याहून पुढे ताणणार नाही, कारण पुस्तकाला एकच ठरलेले निशाण नसते.

तरीही बंदुकीच्या या इतिहासातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. रॉबिन्स, व्हिटवर्थ, मॅन आणि लिट्झ यांच्यात पावणेतीनशे वर्षांचे अंतर आहे. साधने, हेतू आणि स्वभाव निराळे आहेत. पण जवळ की दूर, हा वाद त्यांच्यापैकी कोणीही एक बाजू घेऊन सोडवला नाही. प्रत्येकाने वाटेत एक पातळ कागद टांगला. तो इतका पातळ की गोळीच्या मार्गात त्याने ढवळाढवळ करू नये, आणि इतका प्रामाणिक की गोळी तेथून कशी गेली ते त्याने लपवू नये. त्यानंतर त्याच गोळीला त्यांनी शेवटपर्यंत जाऊ दिले, आणि मगच दोन्ही भोके शेजारी ठेवून वाचली.

हातभरणी करणाऱ्याने म्हणून प्रथम आपल्या काडतुसाचे काम कोणत्या अंतरावर पडणार आहे ते ठरवावे. शेवटची परीक्षा तेथेच घ्यावी. तिच्या आधीची एक परीक्षा वाऱ्याच्या अलीकडे, शंभर-दोनशे यार्डांवर घ्यावी. म्हणजे दूरवर दिसलेला दोष घरून निघाला होता की वाटेत चिकटला, ते कळेल. दोन्ही ठिकाणी बार पुरेसे काढावेत, आणि नावडता पुंजकाही वहीत चिकटवून ठेवावा.